वाटाड्याचा पावसाळा

महागाव तालुक्यातल्या माणसाला हंगामी काम म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले, मे महिन्यात तेंदूपत्ता, दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी. आणि तांड्यांवरची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला बाहेरगावी जातात. इथल्या शिक्षकांना तर हे सारे हंगाम हजेरीपटावरच वाचता येतात. अलीकडे या यादीत आणखी एका कामाची भर पडली आहे. अभयारण्यात येणाऱ्या पर्यटकांबरोबर गाडीत बसून जंगल दाखवण्याचे, म्हणजे 'गाईड'चे काम.

असे काम करणारा एक तरुण आम्हाला मध्यंतरी भेटला. प्राण्यांच्या पायांचे ठसे, झाडांच्या साली, पक्ष्यांचे आवाज यांविषयी तो भरभरून बोलत होता. 'पावसाळ्यात काय करतोस?' असे आम्ही विचारले. तो म्हणाला, 'जंगल बंद रायते ना सर. मंग निंदाले जातो, फवारणीले जातो. दुसरं काय?'

त्याचे उत्तर सरळ होते. पण ते आमच्या डोक्यातून जाईना. आपल्याकडची व्याघ्र प्रकल्पांची गाभा क्षेत्रे आणि बहुतेक अभयारण्ये साधारणपणे 1 जुलै ते 30 सप्टेंबर या काळात पर्यटकांसाठी बंद असतात. वाटाड्याला मानधन मिळते ते गाडीच्या फेरीवर. फेरी नाही तर मानधन नाही. मग निसर्ग समजावून सांगण्याचे हे काम मुळात असे हंगामी का झाले? ते आधी कोणी केले? हंगाम संपल्यावर त्या माणसांचे काय झाले? या प्रश्नांचा मागोवा घेताना आम्हाला असे दिसले की, या कामाचा इतिहास शिक्षकांच्या इतिहासाला जागोजागी चिकटलेला आहे.

सुटीतले शिक्षक

हे काम 'व्यवसाय' म्हणून प्रथम आकाराला आले ते अमेरिकेत. कोलोरॅडो राज्यातल्या लाँग्ज पीक या शिखराच्या पायथ्याशी एनॉस मिल्स नावाचा माणूस एक विश्रामगृह चालवीत असे. शिखरावर जाणाऱ्यांना वाट दाखवणे हा त्याचा मूळ धंदा. पण वाट दाखवता दाखवता त्याच्या लक्षात आले की, माणसे शिखर गाठायच्या घाईत वाटेवरचे काहीच पाहत नाहीत. मग तो त्यांना थांबवू लागला. बीव्हर हा प्राणी बांध कसा घालतो, वाऱ्याने झाड एकाच बाजूला का वाढले आहे, असे प्रश्न तो त्यांच्यापुढे ठेवी. नावांची यादी म्हणून दाखवणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे, पाहणाऱ्याच्या मनात कुतूहल जागे झाले पाहिजे, असे त्याचे मत होते. 1920 साली त्याने आपल्या या अनुभवांवर पुस्तकही लिहिले.

1915 साली त्या भागात रॉकी माउंटन राष्ट्रीय उद्यान झाले. 1917 साली तेथे निसर्गवाटाड्या म्हणून काम करण्याचा परवाना एस्थर आणि एलिझाबेथ बर्नेल या दोन बहिणींना मिळाला. दोघींनीही मिल्सकडे धडे घेतले होते. हे काम सुरुवातीपासून केवळ पुरुषांचे नव्हते, ही गोष्ट आज ताडोब्यात महिला वाटाड्यांना पाहून नवल करणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी.

पुढचे पाऊल कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी उद्यानात पडले. 1920 च्या उन्हाळ्यात तेथे पर्यटकांसाठी विनामूल्य निसर्ग-मार्गदर्शन सुरू झाले. सकाळी पायी फेरी, रात्री शेकोटीभोवती गप्पा, असा त्याचा क्रम असे. ते काम हॅरल्ड ब्रायंट आणि लॉय मिलर या दोघांनी चालवले. मिलर हे महाविद्यालयात शिकवणारे प्राध्यापक होते आणि सुटीत हे काम करीत. हे अपवादाने घडले असे नाही. डोंगरावर हिवाळ्यात बर्फ, त्यामुळे उद्यानात गर्दी उन्हाळ्यातच. आणि उन्हाळ्यात शाळा-महाविद्यालयांना सुटी. त्यामुळे ज्या महिन्यांत उद्यानाला सांगणारी माणसे हवी असत, नेमक्या त्याच महिन्यांत शिकवणारी माणसे मोकळी असत. 1925 साली योसेमिटीत अशी माणसे तयार करण्यासाठी उन्हाळी शाळाच निघाली.

म्हणजे हंगामीपणा या कामाला जन्मापासूनच चिकटलेला आहे. फरक एवढाच, की तिथल्या त्या शिक्षकाला उरलेले वर्ष पगार होता. हंगाम संपला की तो आपल्या वर्गात परत जाई, आणि उन्हाळ्यात पाहिलेले वर्षभर मुलांना सांगे.

सालीम अली यांची गेलेली नोकरी

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात असे पगारी पद कुठे होते, हे पाहू गेल्यास मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमकडे, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडे जावे लागते. तेथे प्राणिविज्ञानाचे नवे दालन उघडल्यावर 1926 साली 'गाईड लेक्चरर' हे पद भरण्यात आले. पगार दरमहा 350 रुपये. येणाऱ्या लोकांना दालनातले प्राणी-पक्षी समजावून सांगायचे, हे काम. निवड झालेल्या तरुणाकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. त्याच कारणाने भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागातली जागा त्याला मिळाली नव्हती. त्याचे नाव सालीम अली.

दोन वर्षे त्यांनी हे काम केले. मग आपले ज्ञान अपुरे आहे असे वाटून 1928 साली रजा घेऊन ते जर्मनीला गेले आणि बर्लिनच्या संग्रहालयात एर्विन स्ट्रेसेमान या पक्षिशास्त्रज्ञाकडे शिकले. 1930 साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ते पदच रद्द झालेले. शिकून आलेला माणूस तयार होता, पण जागा उरली नव्हती.

हातात नोकरी नाही, म्हणून ते अलिबागजवळच्या किहीम गावी, पत्नीच्या कुटुंबाच्या घरी राहायला गेले. पावसाळा होता. घराजवळ सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. रोज तासन्‌तास बसून त्यांनी ती घरटी पाहिली, आणि जे टिपले त्यातून भारतीय पक्षिशास्त्रातला एक महत्त्वाचा अभ्यास उभा राहिला.

आपण मराठीत या पक्ष्याला 'सुगरण' म्हणतो. नावच स्त्रीलिंगी. एवढे देखणे घरटे विणणारी मादीच असणार, असे नाव ठेवणाऱ्यांनी गृहीत धरले असावे. प्रत्यक्षात घरटे विणतो तो नर. तो गवताच्या पात्यांच्या चिरफळ्या काढून अर्धे घरटे तयार करतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहतात, पसंत पडले तर एखादी तेथे राहते. त्यानंतर नर घरटे आणि त्याची लांब नळी पूर्ण करतो. मादी अंडी घालून उबवायला बसते, आणि हे महाशय जवळच दुसरे घरटे विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. कोणत्याही अर्धवट घरट्याला 'टाकून दिलेले' म्हणण्यापूर्वी नापसंतीचा हा सगळा व्यवहार माहीत असावा लागतो. तो कळला तो एका माणसाने एक पावसाळा एका जागी बसून पाहिल्यामुळे.

इथे आम्हाला त्या तरुणाचे उत्तर पुन्हा आठवले. सांगण्याचा हंगाम कोरडा असतो. शिकण्याचा हंगाम ओला असतो. पहिल्याला पैसे आहेत, दुसऱ्याला नाहीत. सालीम अलींना तो बिनपगारी पावसाळा काढता आला, कारण डोक्यावर घराचे छप्पर होते. प्रत्येकाला ते असतेच असे नाही.

जंगलातली आपली माणसे

विदर्भातल्या जंगलात वाटाड्ये नव्हते असे मुळीच नाही. शिकारीच्या काळात साहेब आणि संस्थानिक येत तेव्हा माग काढणारा, हाकारे घालणारा, पाणवठा दाखवणारा माणूस गोंड, कोलाम किंवा आंध वस्तीतलाच असे. पण त्याने सांगायचे ते एवढेच, की जनावर कुठे आहे. ते तेथे का आहे, हे त्याला कोणी विचारीत नसे.

1955 साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले. यवतमाळ आणि चांदा हे दोन्ही जिल्हे तेव्हा मध्य प्रदेशात होते. 1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, 1973-74 मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला आणि मेळघाट त्यातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांत होता. बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. तरी गावातल्या माणसाचे ज्ञान पुस्तकात यायला कोणी तरी ऐकणारा लागतो. नवेगावबांधला असा योग आला. वनाधिकारी मारुती चितमपल्ली यांनी तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांकडून पक्ष्यांविषयी कितीतरी गोष्टी ऐकल्या, आणि लोकांच्या तोंडची नावे पुढे आपल्या लेखनात व कोशांत जपली. चितमपल्ली 2025 साली गेले. त्यांच्या पुस्तकांतले निम्मे शिक्षक जंगलात राहणारे, पदवी नसलेले लोक आहेत.

गावातल्या तरुणाला वाटाड्या म्हणून रीतसर स्थान मिळाले ते बरेच नंतर. जुलै 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातले पर्यटन तात्पुरते थांबवले, आणि ऑक्टोबरमध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ते पुन्हा सुरू झाले. स्थानिक लोकांना पर्यटनातून रोजगार मिळावा आणि वाटाड्ये प्रशिक्षित असावेत, यावर त्या तत्त्वांत भर होता. आता पर्यटकाच्या गाडीत स्थानिक वाटाड्या असणे हा नेम झाला आहे. ही मोठी प्रगती आहे. पण गाडीतल्या पाहुण्याला बहुधा एकच प्रश्न पडलेला असतो: वाघ दिसेल का? शिकारीच्या काळातला प्रश्नही तोच होता.

अमेरिकेत फ्रीमन टिल्डन या लेखकाने 1957 साली या कामाची तत्त्वे मांडली. नुसती माहिती देणे म्हणजे उलगडा करणे नव्हे, ऐकणाऱ्याला स्वतः शोध घ्यावासा वाटला तर काम झाले, असे त्यांचे म्हणणे. मुलांसाठीचे निवेदन मोठ्यांच्या निवेदनाची पातळ आवृत्ती असू नये, त्याची रीतच निराळी असावी, असेही त्यांनी बजावले. वर्गात उभ्या राहणाऱ्या कोणालाही हे पटेल.

बंद फाटकाआडची गोष्ट

आमच्या जिल्ह्यातलेच उदाहरण घ्या. महागावशेजारच्या उमरखेड तालुक्यात, नांदेडच्या सीमेवर पैनगंगा अभयारण्य आहे. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, पांढरकवड्याकडे, टिपेश्वर. ते 1997 साली अभयारण्य झाले. क्षेत्रफळ सुमारे 148 चौरस किलोमीटर, म्हणजे वाघांच्या हिशेबाने लहानच. 2019 साली टिपेश्वरच्या एका तरुण वाघाला भारतीय वन्यजीव संस्थेने रेडिओ पट्टा बसवला. जूनमध्ये तो नव्या जागेच्या शोधात निघाला. महाराष्ट्र आणि तेलंगणातली शेते, ओढे, रस्ते ओलांडत डिसेंबरमध्ये तो बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तोवर त्याची चाल सुमारे 1,300 किलोमीटर झाली होती. जंगल पर्यटकांना बंद होते त्या तीन महिन्यांत तो चालतच होता. आणि तो चालला ती वाट बरीचशी अभयारण्यांच्या बाहेर, उभ्या पिकांतून होती.

याच जिल्ह्यात, राळेगाव-पांढरकवडा भागात, 13 माणसांच्या मृत्यूंशी जिचे नाव जोडले गेले ती वाघीण 2 नोव्हेंबर 2018 रोजी गोळी घालून मारली गेली. मारली ते बरोबर की चूक, यावर देशभर वाद झाले. पण पहाटे वावरात जाणाऱ्या माणसाला ताजा ठसा कोणता आणि शिळा कोणता, गुरे कुठे नेऊ नयेत, हे सांगणारा कोणी गावात होता का, हा प्रश्न त्या वादात मागे पडला. अशा माणसाची गरज पर्यटकापेक्षा गावाला जास्त आहे, आणि ती पावसाळ्यात संपत नाही. उलट पिके वाढली की वाढते.

शाळेची वेळ

एक योगायोग पाहा. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या शेवटी उघडतात. अभयारण्याची फाटके त्याच सुमारास बंद होतात. अमेरिकेत शिक्षक सुटीत वाटाड्या झाला. आपल्याकडे गणित उलटे आहे: शाळा भरते तेव्हा वाटाड्या मोकळा असतो. मग त्याला शाळेत का बोलावू नये?

यासाठी मोठी योजना लागत नाही. महागाव परिसरात विहिरीवर झुकलेली बाभूळ शोधायला लांब जावे लागत नाही, आणि तिच्यावर बरेचदा सुगरणीची वसाहत असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात मुलांना तेथे न्यावे, विहिरीपासून सुरक्षित अंतरावर उभे करावे. घरट्यांना हात लावायचा नाही, फक्त पाहायचे. पहिले घरटे कोणत्या तारखेला सुरू झाले? अर्धवट किती, पूर्ण किती? पिवळा रंग ल्यालेला नर काय आणतो, मादी कितीदा आत डोकावते? आठवड्यातून एकदा वहीत नोंद करावी. वाटाड्याने सोबत असावे. त्याने सांगावे, मुलांनी विचारावे, शिक्षकांनी दोघांच्या बोलण्यातले सूत्र फळ्यावर मांडावे. सप्टेंबरअखेर तीन महिन्यांच्या नोंदी हाती येतील. ऑक्टोबरमध्ये फाटक उघडेल तेव्हा त्या तरुणाजवळ पाहुण्यांना सांगायला स्वतःची एक गोष्ट असेल, वाघ दिसो न दिसो.

त्याच्या पावसाळ्यातल्या मजुरीचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही, हे आम्हाला कबूल आहे. शाळेने जमेल ते मानधन द्यावे, कमी का होईना, पण द्यावे. ग्रामपंचायतीकडे, पालकांकडे शब्द टाकावा. शिकवण्याचे मोल असते हे शिक्षकांनीच म्हटले नाही तर कोण म्हणणार? ज्या पदाला 1930 साली पैसे उरले नाहीत, त्या पदावरचा माणूस पुढे सालीम अली झाला हे खरे. पण पद गेल्यावर ज्यांचा सालीम अली झाला नाही, अशांची नावे आपल्याला माहीत नसतात.