घनतेच्या मेट्रिक एककांचे रूपांतर

घनता म्हणजे पदार्थाच्या एकक आकारमानात सामावलेले वस्तुमान होय. वस्तुमानास आकारमानाने भागले असता घनता मिळते. म्हणून घनतेच्या प्रत्येक एककात दोन एकके असतात, एक वस्तुमानाचे व दुसरे आकारमानाचे. रूपांतर करताना या दोहोंचा स्वतंत्र विचार करावा लागतो. मेट्रिक पद्धतीत हे रूपांतर केवळ दहाच्या घातांनी होते. त्यामुळे संख्येतील अंक तेच राहतात, फक्त दशांशचिन्हाचे स्थान बदलते.

प्रचलित एकके

आंतरराष्ट्रीय (एसआय) पद्धतीत घनतेचे एकक किलोग्रॅम प्रति घनमीटर हे आहे. सीजीएस पद्धतीत ते ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर असे आहे. व्यवहारात किलोग्रॅम प्रति लीटर, ग्रॅम प्रति मिलिलीटर, टन प्रति घनमीटर आणि वायूंसाठी ग्रॅम प्रति लीटर ही एककेही वापरली जातात.

रूपांतराची रीत

१ मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर. तथापि १ घनमीटर म्हणजे १०० घनसेंटीमीटर नव्हे. लांबी, रुंदी व उंची या तिन्ही बाजूंना १०० हा गुणक लागू होतो; म्हणून १ घनमीटर = १०० × १०० × १०० = १०,००,००० घनसेंटीमीटर. दुसरीकडे, १ किलोग्रॅम = १,००० ग्रॅम. यावरून,

१ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर
= ०.००१ किलोग्रॅम × १०,००,००० प्रति घनमीटर
= १,००० किलोग्रॅम प्रति घनमीटर.

याच रीतीने पुढील दोन गट मिळतात. एका गटातील एककांमध्ये संख्या मुळीच बदलत नाही.

पहिला गट: ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर = ग्रॅम प्रति मिलिलीटर = किलोग्रॅम प्रति लीटर = टन प्रति घनमीटर.
दुसरा गट: किलोग्रॅम प्रति घनमीटर = ग्रॅम प्रति लीटर.

पहिल्या गटातून दुसऱ्या गटात जाताना संख्येस १,००० ने गुणावे. उलट जाताना १,००० ने भागावे.

उदाहरणे

पाणी (४° सेल्सिअस): १ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, म्हणजे १,००० किलोग्रॅम प्रति घनमीटर.
बर्फ: ०.९१७, म्हणजे ९१७.
ॲल्युमिनिअम: २.७, म्हणजे २,७००.
लोखंड: ७.८७, म्हणजे ७,८७०.
पारा: १३.६, म्हणजे १३,६००.
सोने: १९.३, म्हणजे १९,३००.

ही मूल्ये स्थूलमानाने दिली आहेत. तापमानानुसार घनता बदलत असल्यामुळे काटेकोर मोजमापात तापमानाचा उल्लेख आवश्यक असतो. भारतातील पेट्रोल पंपांवर इंधनाची घनता किलोग्रॅम प्रति घनमीटर या एककात दर्शवितात. तेथे ७४५ ही संख्या आढळल्यास त्या इंधनाच्या एका लीटरचे वस्तुमान ७४५ ग्रॅम, म्हणजेच ०.७४५ किलोग्रॅम, असे समजावे.

पाण्याची घनता १ का?

१७९५ साली फ्रान्समध्ये ग्रॅमची व्याख्या एक घनसेंटीमीटर पाण्याच्या वस्तुमानावरून करण्यात आली. पाण्याची घनता १ येते ती या व्याख्येमुळे. पुढे १९०१ ते १९६४ या काळात लीटरची व्याख्या एक किलोग्रॅम पाण्याच्या आकारमानावरून केलेली होती आणि ते आकारमान सुमारे १,०००.०२८ घनसेंटीमीटर भरत असे. १९६४ पासून लीटर म्हणजे नेमका १,००० घनसेंटीमीटर असे मानले जाते.

नेहमीची चूक व पडताळा

घनमीटर म्हणजे १०० घनसेंटीमीटर असे समजणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक आहे. तसे मानल्यास एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान अवघे १०० ग्रॅम ठरेल. वस्तुतः गच्चीवरील १,००० लीटरची टाकी भरली की केवळ पाण्याचाच भार एक टन होतो. उत्तर पडताळण्यासाठी अशी पाण्याशी तुलना करणे उपयुक्त ठरते. पाण्यात बुडणाऱ्या भरीव पदार्थाची घनता किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये १,००० पेक्षा अधिकच आली पाहिजे.

एककाच्या गोंधळाचा परिणाम

घनतेची संख्या एककाशिवाय वापरल्यास काय घडू शकते, याचे प्रसिद्ध उदाहरण कॅनडातील आहे. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या बोईंग ७६७ विमानातील इंधनमापक यंत्रणा बंद असल्याने टाक्यांतील इंधन पट्टीने मोजण्यात आले. ते ७,६८२ लीटर भरले. उड्डाणासाठी २२,३०० किलोग्रॅम इंधन हवे होते. लीटरचे किलोग्रॅम करण्यासाठी इंधनाची घनता ०.८०३ किलोग्रॅम प्रति लीटर घ्यावयास हवी होती, परंतु १.७७ ही संख्या घेतली गेली. ती घनता पौंड प्रति लीटरमधील होती आणि पौंड हे मेट्रिक एकक नव्हे. परिणामी सुमारे २०,१०० लीटर इंधन भरण्याऐवजी सुमारे ४,९०० लीटरच भरले गेले. इंधन संपून दोन्ही इंजिने आकाशातच बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन मॅनिटोबा प्रांतातील गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरविले. विमानातील सर्व ६९ जण बचावले.

गणितातील गुणाकार-भागाकार त्या दिवशीही बरोबरच होते. चूक एककात होती. म्हणून रूपांतराच्या प्रत्येक पायरीवर संख्येसोबत एकक लिहिण्याची शिस्त पाळली जाते.