गवताकडे जाणारं यंत्र

दोन वर्षांपूर्वी, ऐन पाडव्याच्या सकाळी, माझ्या चुलतभावाचा छोटा ट्रॅक्टर बांधावरून खालच्या खाचरात गेला. क्लच पायाखाली पूर्ण दाबलेला होता. तरी तो हात-दोन हात पुढे सरकला, पुढचं चाक बांधावरून सुटलं आणि मागे जोडलेल्या गवत कापायच्या यंत्रासकट तो भाताच्या धसकटांवर तिरका जाऊन थांबला. भावानं उडी टाकली म्हणून वाचला. संध्याकाळी ओसरीवर निदानं झाली. कुणी म्हणालं ब्रेक उशिरा लागला, काका म्हणाले ती जागाच वाईट आहे. क्लच दाबल्यावर ट्रॅक्टर पुढे जातोच कसा, हा प्रश्न मात्र तिथेच पडून राहिला. मी इतिहासाचा विद्यार्थी, यंत्रांचा नव्हे. पण या प्रश्नाचं उत्तर मला इतिहासातच सापडलं.

आमचं गाव भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या वरच्या अंगाला. डोंगर ओलांडला की वेल्हे, ज्याला आता राजगड तालुका म्हणायचं. खाली भाताची खाचरं, वर वरकस उतार आणि त्याच्यावर कमरेएवढं गवत. भात कापून झालं की गवताची घाई सुरू होते, कारण ते वाळून कुसळं धरली की जनावर तोंड लावत नाही. दिवाळी आणि गवतकापणी आमच्याकडे एकाच पंधरवड्यात येतात. पाडव्याला ट्रॅक्टर रानात का होता, त्याचं कारण एवढंच.

या गवताला एकेकाळी राज्यकारभारात मोठी जागा होती. घोडदळ गवतावर चाले. मराठ्यांनी मुलखावर बसवलेल्या एका पट्टीचं नावच ‘घासदाणा’ होतं. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. रयतेला जराही त्रास देऊ नका, ही त्यातली ताकीद सगळ्यांना पाठ असते. पण त्याच पत्रात वैरण पुरवून वापरण्याची आणि गंजीला आग लागण्याची काळजीही तितकीच आहे. उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल, इतक्या बारकाव्यापर्यंत. पुढे राजगड, तोरणा आणि आमची खोरी पंतसचिवांच्या भोर संस्थानात होती, ती १९४८ मध्ये विलीनीकरण होईपर्यंत. राज्यं बदलली, पण या सगळ्या काळात गवत कापायचं हत्यार बदललं नाही. ते म्हणजे विळा, आणि बहुतेक वेळा तो बाईच्या हातात.

नांगर बदलला, मोट जाऊन पंप आला, मग विळाच का टिकला? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात शेतीची यंत्रं करायला घेतली तेव्हा लोखंडी नांगराच्याही आधी त्यांनी कडबा कापायचं यंत्र केलं होतं. नांगराला लोक बिचकले. लोखंडानं जमीन नासते असा समज होता, पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. कडबा कापायच्या यंत्रानं असं कुणाला बिचकवल्याचं वाचनात नाही. मला त्यातला फरक असा दिसतो: कडबाकुट्टी एका जागी उभी राहते आणि वैरण तिच्याकडे येते. गोठ्यात दोन हात सपाट जागा असली की झालं. उभं गवत कापायच्या यंत्राला मात्र स्वतः गवताकडे जावं लागतं, म्हणजे दगड, उतार, बांध, झुडपं या सगळ्यांशी गाठ. हे यंत्र जमिनीशी जुळवून घेतल्याशिवाय चालतच नाही.

तिकडे युरोप-अमेरिकेत हा प्रश्न निराळ्या जमिनीवर सुटला. इंग्लंडातल्या स्ट्राउड गावी एडविन बडिंगनं १८३० मध्ये हिरवळ कापायचं यंत्र काढलं. कल्पना घेतली कापडगिरणीतून, लोकरी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. शेतातल्या यंत्राची घडण वेगळी होती: दातेरी पट्टी, तिच्यात कात्रीसारखी मागेपुढे सरकणारी त्रिकोणी पाती, आणि ती हलवायला यंत्राचंच चाक. घोडा चालला की चाक फिरे, चाक फिरलं की पाती चालत. घोडा थांबला की पाती थांबली. यंत्र घोड्याच्या झपझप चालीवर बेतलेलं. बैलाच्या संथ चालीत पाती मंदावून गवत अडकणार, हे उघड आहे. आमच्या खोऱ्यांत ते रुजण्याजोगं नव्हतंच.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत ट्रॅक्टरच्या मागे एक फिरता दांडा बाहेर काढला गेला, तो पीटीओ. आता पातं फिरवायला चाकाची गरज उरली नाही, इंजिनच ते फिरवू लागलं. पुढे त्याचं माप ठरलं: मिनिटाला ५४० फेरे, ३५ मिलिमीटर जाडीचा सहा खाचांचा दांडा. हॅरी फर्ग्युसननं १९२६ मध्ये तीन टेकूंच्या जोडणीचं पेटंट घेतलं आणि १९३९ च्या फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरबरोबर ती जगभर गेली. कुठल्याही कारखान्याचं अवजार कुठल्याही ट्रॅक्टरला लागावं, ही सोय या दोन मापांनी झाली. आज नसरापूरच्या बाजाराच्या दिवशी वेल्डिंगच्या दुकानापुढे उभं राहिलं की तीच मापं ऐकू येतात: खालच्या पिना बावीसच्या, वरची एकोणीसची.

पण या सोयीत एक खोट राहून गेली. त्या काळच्या बऱ्याच ट्रॅक्टरांत चाकं आणि पीटीओ एकाच क्लचमागे होते. क्लच दाबला की इंजिन सुटे, पण चाकं आणि पीटीओ आतल्या गिअरांतून एकमेकांना जोडलेलेच राहत. मागे जड पातं गरगरत असेल तर ते लगेच थांबत नाही. जात्यासारखं ते आपल्याच वेगानं फिरत राहतं आणि तो वेग उलटा ट्रॅक्टरच्या चाकांत शिरतो. घोड्याच्या यंत्रात चाक पात्याला चालवत होतं, इथे पातं चाकाला चालवतं. कॉकशट कंपनीनं १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात पीटीओला स्वतंत्र क्लच दिला. ज्यांच्याकडे जुने ट्रॅक्टर होते त्यांनी दांड्यावर बसवायचा एक छोटा तुकडा घेतला. सायकलच्या मागच्या चाकात असतं तसं फ्रीव्हील. पॅडल थांबलं तरी चाक फिरतं, पण चाक पॅडलला ओढत नाही.

आमच्या बांधावर पाडव्याला जे घडलं ते हेच. भावाचा ट्रॅक्टर एकाच क्लचचा, आणि त्या दांड्यावर फ्रीव्हील नव्हतं. यंत्र विकणाऱ्यानं सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

छोट्या ट्रॅक्टरचीही एक गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानात जमीनसुधारणा झाल्या, शेतं लहान लहान मालकांकडे गेली, आणि १९६० च्या दशकात कुबोटानं तिथल्या भातशेतीला बेतेल असा ट्रॅक्टर काढला. त्याच दशकाच्या अखेरीस हे ट्रॅक्टर अमेरिकेत पोचले आणि तिथे घराभोवतीची हिरवळ कापू लागले. भातासाठी जन्मलेला ट्रॅक्टर गवतासाठी ओळखला जाऊ लागला. भोर-वेल्ह्यात आता दोन्ही आहे, खाली खाचरं आणि वर शहरातल्यांनी घेतलेले फार्महाउसचे प्लॉट. भावाला गवताचं यंत्र घ्यावंसं वाटलं ते घरच्या गुरांपेक्षा या प्लॉटांच्या कामापायी, हे त्यानं नंतर कबूल केलं.

त्यानं आणलं ते आडव्या पात्यांचं, ज्याला इथे स्लॅशर म्हणतात. हे यंत्र गवत कातरत नाही, झोडपतं. प्लॉट साफ करायला उत्तम, पण गवताचे तुकडे होतात, पेंढी बांधता येत नाही. काकूनं पहिल्याच दिवशी मूठभर उचलून टाकून दिलं: “ह्याची काय गंजी रचायची?” पेंढीसाठी कात्रीच्या पट्टीचं यंत्र हवं, आणि आमच्या दगडांत त्याची पाती किती दिवस टिकतील, हा प्रश्न आहेच.

दुरुस्तीला मी भावाबरोबर वर्कशॉपमध्ये दोन दिवस बसलो. साडेतीन फुटी यंत्र १५ अश्वशक्तीला जड जात होतं. रुंदीच्या फुटाला चार-पाच अश्वशक्ती हा ढोबळ हिशेब, आणि दांड्यापर्यंत पोचतात त्या बारा. म्हणून ते तीन फुटांवर आणलं आणि एका बाजूला सरकवून बसवलं, म्हणजे निदान बांधाकडच्या अंगाचं चाक न कापलेलं गवत तुडवणार नाही. फ्रीव्हील बसवल्यावर दांडा लांब झाला. तो तसाच ठेवला असता तर यंत्र उचलताना दोन्ही नळ्या एकमेकींत पूर्ण शिरून गिअरबॉक्सवर घाव बसला असता. मिस्त्रींनी दोन्ही नळ्या सारख्याच कापल्या. पुढचं चाक हलकं पडू नये म्हणून नाकावर वजनं लावली. ट्रकच्या कमानपाट्याची पाती करून देतो म्हणाले, ते मात्र आम्ही नाकारलं. पोलादाला वेल्डिंगची आच लागली की तिथे ते ठिसूळ होतं. तीन फुटांचं पातं मिनिटाला हजार फेरे फिरलं तर त्याच्या टोकाचा वेग ताशी १७० किलोमीटरच्या वर जातो, मी कागदावर मांडून पाहिलं. त्या वेगानं तुटलेला तुकडा कुठे जाईल, ते पात्याला कळत नाही.

दुकानाच्या कोपऱ्यात पिवळ्या प्लास्टिकच्या नळ्यांचा ढीग पडला होता. फिरत्या दांड्यावरची आवरणं. धोतर, साडीचा पदर, ओढणी दांड्यात जाऊ नये म्हणून कारखाना ती देतो, आणि ग्रीस भरायला आड येतात म्हणून पहिल्या आठवड्यात काढली जातात. भावाचं आवरण त्याच ढिगात होतं. वर काढून पुसलं, परत बसवलं. मिस्त्री हसले, पण बसवून दिलं.

गेल्या कार्तिकात यंत्र चाललं. क्लच दाबला की ट्रॅक्टर जागीच उभा राहतो आणि मागे पातं एकटंच घरघरत हळूहळू निवतं. खालचे प्लॉट भाऊ त्यानंच कापतो. वरच्या उतारावर ट्रॅक्टर जात नाही, तिथे काकू आणि आणखी तिघी विळा घेऊन जातात आणि घरच्या गुरांची गंजी त्याच गवताची रचली जाते. बांधाच्या कडेची हातभर पट्टी काकूनं भावाला कापू दिली नाही. मुळं धरून ठेवतात बांध, म्हणाली, तिथे यंत्र आणू नको.