भाजलेल्या रुग्णांमधील रक्तनिर्देशक

भाजलेल्या रुग्णांमधील रक्तनिर्देशक म्हणजे रक्तात मोजता येणारे असे घटक, ज्यांवरून दुखापतीचे गांभीर्य, जंतुसंसर्गाचा धोका आणि रुग्ण वाचण्याची शक्यता यांचा अंदाज बांधता येतो.

पार्श्वभूमी

रुग्णाचे भवितव्य मुख्यत्वे वय, भाजलेल्या त्वचेचे प्रमाण आणि श्वसनमार्गाची इजा यांवर अवलंबून असते. सर्ज बो यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या गुणांकात वय आणि भाजल्याची टक्केवारी यांची बेरीज केली जाते. सुधारित गुणांकात श्वसनमार्गास इजा असल्यास आणखी १७ मिळवतात. त्यानुसार ४० वर्षे वयाच्या, ३० टक्के भाजलेल्या व श्वसनमार्गास इजा झालेल्या रुग्णाचा गुणांक ८७ येतो. मात्र पुढील दिवसांत बदलणारी प्रकृती या गुणांकात दिसत नाही. ही उणीव रक्तचाचण्या काही अंशी भरून काढतात.

प्रमुख निर्देशक

* लॅक्टेट: ऊतींना प्राणवायू अपुरा पडल्यास वाढते. शिरेतून द्रव देऊनही ते उतरत नसेल, तर धोका अधिक मानला जातो.
* हिमॅटोक्रिट: रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपल्याने रक्त दाट होते व हे प्रमाण वाढते.
* अल्ब्युमिन: हे प्रथिन जखमांवाटे व ऊतींमध्ये झिरपून घटते. तीव्र घट गंभीर दुखापत सुचवते.
* प्लेटलेट: पहिल्या काही दिवसांत त्यांची संख्या घटते व नंतर वाढते. ती पुन्हा न वाढणे हे वाईट लक्षण होय.
* प्रोकॅल्सिटोनिन व सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन: जंतुसंसर्गात वाढतात. परंतु भाजल्यामुळेच शरीरभर दाह होत असल्याने दुसऱ्या घटकाची वाढ संसर्गाचा पुरावा ठरत नाही.

मर्यादा

कोणताही एक निर्देशक निर्णायक नसतो. एका आकड्यापेक्षा ठरावीक अंतराने केलेल्या चाचण्यांतील चढउतार अधिक बोलका असतो. कुपोषण, यकृताचे विकार किंवा दिलेले द्रव यांमुळेही हे आकडे बदलतात.

ग्रामीण भागातील महत्त्व

पुणे जिल्ह्यातील बारामती येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुणे-सोलापूर महामार्गावरील इंदापूरपासून पुणे शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. अशा तालुक्यांत रुग्णावर जवळच उपचार करावेत की त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवावे, हा निर्णय लवकर घ्यावा लागतो. प्रोकॅल्सिटोनिनची चाचणी महाग असते. हिमॅटोक्रिट, प्लेटलेट आणि अल्ब्युमिन यांच्या चाचण्या मात्र सामान्य प्रयोगशाळेतही होतात. तथापि, अहवालाच्या प्रतीक्षेत शिरेतून द्रव देणे लांबवले जात नाही. प्रौढांसाठीच्या पार्कलँड सूत्रानुसार पहिल्या २४ तासांतील द्रवाचा निम्मा भाग भाजल्याच्या वेळेपासून आठ तासांत द्यावयाचा असतो, त्यामुळे प्रवासात गेलेला वेळही त्यात मोजला जातो.