तळटीप : दिंगाचचा उतार

६. दिंगाच : क्रोएशियाच्या दक्षिणेकडील पेल्येशात्स द्वीपकल्पावरचा, समुद्राकडे तोंड केलेला तीव्र उतार. ‘प्लावात्स माली’ या काळ्या द्राक्षापासून इथे होणाऱ्या वाइनचंही हेच नाव. १९६१ साली तिला कायद्याचं संरक्षण मिळालं. इथे ऊन आकाशातून येतं, तसंच पाण्यावरून आणि पांढुरक्या खडकांवरून परतूनही येतं. त्यामुळे काही द्राक्षं वेलीवरच सुकू लागतात आणि वाइन दाट, कडक होते. १९७०च्या दशकात शेतकऱ्यांनी डोंगर पोखरून सुमारे ४०० मीटरचा बोगदा काढला; तोवर सुगी गाढवांच्या पाठीवरून डोंगर ओलांडत असे. लेखकाने हा बोगदा एका वाक्यात उरकला आहे, पण त्या माणसांची जिद्द समजल्याशिवाय ही वाइन समजत नाही.

प्लावात्स म्हणजेच कॅलिफोर्नियाचं झिनफँडेल, असा पूर्वी अनेकांचा कयास होता. २००१मध्ये डीएनए तपासणीने नातं उलगडलं : झिनफँडेल हे स्प्लितजवळच्या काश्तेला भागातलं जुनं, जवळजवळ नामशेष झालेलं ‘त्सर्ल्येनाक’ द्राक्ष, आणि प्लावात्स त्याचं अपत्य.

पुढच्या परिच्छेदात यजमानीण लाल वाइनमध्ये पाणी घालते, त्यात हात आखडता घेणं नाही. ‘बेवांडा’ हे किनाऱ्यावरचं रोजच्या जेवणातलं पेय आहे. माली स्तोनच्या खाडीतल्या कालवांबरोबर मात्र कोर्चुला बेटावरची पांढरी ‘पोशिप’ अधिक जुळते.