हलक्या स्प्रिंगचं घराणं

एअरसॉफ्टच्या, म्हणजे प्लॅस्टिकचे छर्रे झाडायच्या खेळातल्या, बंदुकीत काही बदलायचं तर आधी स्प्रिंग बदलावी, हा या खेळातला जुना आणि चिवट समज. कारखान्यातून आलेली काढायची, जाड तारेची बसवायची, छर्रा जोरात सुटू लागला की बंदूक सुधारली म्हणायचं. या रिवाजाचं कूळ शोधत मागे गेलं, की या सुधारणेबद्दलच शंका येऊ लागते. मूळ स्प्रिंगचा हलकेपणा ठरवून ठेवलेला होता, आणि बाकीची बंदूक त्याच मापाने बेतलेली होती. स्प्रिंग एकटी बदलता येते, हा भ्रमच आहे.

हे घराणं जपानचं. १९५८च्या शस्त्रकायद्यानंतर तिथे सामान्य माणसाला पिस्तूल मिळणं जवळजवळ अशक्य झालं, हौस मात्र गेली नाही. ती हुबेहूब धातूच्या प्रतिकृतींवर भागू लागली, तर १९७१ आणि १९७७च्या दुरुस्त्यांनी त्यांनाही वेसण घातली: पिस्तुलाच्या प्रतिकृतीची नळी बुजवायची आणि तिला पांढरा नाहीतर पिवळा रंग द्यायचा. पिवळ्या पिस्तुलात कसली आलीये ऐट! त्यानंतर प्लॅस्टिकचे हलके छर्रे उडवणाऱ्या खेळण्यांना बहर आला. स्प्रिंगने दट्ट्या ढकलून हवा दाबायची युक्ती एकोणिसाव्या शतकातल्या एअरगनकडून आयती मिळालेली होती. सलग गोळीबार हवा असेल तर मात्र गॅसची टाकी आणि तिची रबरी नळी अंगावर वागवावी लागे. १९९१ साली तोक्यो मारुई कंपनीने फ्रेंच फामास रायफलीची विजेवर चालणारी प्रतिकृती काढली आणि ते लोढणं सुटलं. तिच्यात मोटर गिअर फिरवते, परिघाच्या काही भागावरच दाते असलेला शेवटचा गिअर दट्ट्याला मागे ओढतो, स्प्रिंग दबते. दाते संपताच दट्ट्या सुटतो आणि सिलिंडरमधली हवा ६ मिलिमीटरचा छर्रा नळीबाहेर हाकलते. हे चक्र सेकंदाला दहा-बारा वेळा चालतं. छोट्या मोटरने आणि प्लॅस्टिकच्या दट्ट्याने एवढं निभावायचं, तर स्प्रिंग हलकीच असायला हवी.

जोरकस स्प्रिंगचा हिशेब तिच्या शिक्क्यातच लिहिलेला असतो. एम१०० म्हणजे ०.२ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १०० मीटर वेगाने सोडणारी. त्याची ऊर्जा भरते बरोबर १ ज्यूल. एम१२० घातली की वेग फक्त वीस टक्क्यांनी वाढतो, पण ऊर्जा जाते १.४४ ज्यूलवर, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ही जादा ऊर्जा प्रत्येक फेरीला मोटरकडून, गिअरकडून, दट्ट्याच्या दात्यांकडून वसूल होते. सुटलेला दट्ट्या पुढे जाऊन जिथे आदळतो, तिथे सिलिंडरच्या तोंडाशी ‘व्हर्जन २’ गिअरबॉक्सचं कवच तडकतं. हे दुखणं दुरुस्ती करणाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचं आहे. म्हणूनच स्प्रिंगमागोमाग धातूच्या दात्यांचा दट्ट्या, बेअरिंग बसवलेला स्प्रिंग गाइड, मजबूत कवच, जास्त ओढीची मोटर आणि तगडी बॅटरी असा सगळा गोतावळा बाजारात आला. हाताने बोल्ट ओढायच्या व्हीएसआर-१० रायफलीत मोटर नाही, तरी गत तीच: तिरक्या पृष्ठभागावर अडणारा मूळचा खटका जड स्प्रिंगखाली झिजतो, आणि काटकोनात अडणारा नवा खटका दट्ट्यासकट घ्यावा लागतो.

यावर खेळाडूंचं म्हणणं असतं, की लांबचा पल्ला हवा तर जोर लागणारच. पण पल्ल्याचं मोठं श्रेय १९९०च्या दशकात रुळलेल्या हॉप-अपचं आहे. नळीच्या मागच्या टोकाशी असलेला रबराचा उंचवटा छर्ऱ्याला उलटी फिरकी देतो, फिरकीमुळे तो हवेत उचलून धरला जातो आणि जमिनीकडे उशिरा झुकतो. उघड्या मैदानात वाऱ्याने भरकटू नये म्हणून जड छर्रे वापरावे लागतात आणि त्यांना जास्त ऊर्जा लागते, हा आक्षेप मात्र खरा आहे. तरी तो एकेक गोळी झाडणाऱ्या रायफलीला लागू पडतो, सलग झाडणाऱ्या बंदुकीला फारसा नाही. ब्रिटनच्या २०१७च्या कायद्याने हा भेद मान्य केला: सलग झाडणारीला १.३ ज्यूल, एकेरीला २.५. जपानने एवढी सवलत दिली नाही. जोर वाढवलेल्या बंदुकांनी वाहनांवर छर्रे मारण्याचे प्रकार २००५ साली गाजले. दुसऱ्याच वर्षी कायदा बदलला, आणि छर्ऱ्याच्या छेदाच्या दर चौरस सेंटिमीटरला ३.५ ज्यूल ही मर्यादा आली. ६ मिलिमीटरच्या छर्ऱ्यासाठी ती जेमतेम ०.९८ ज्यूल भरते. म्हणजे एम१०० आपल्या शिक्क्याला जागली, तर केसभराने का होईना, गुन्हाच.

त्यामुळे जपानी कारागिरांची हौस हॉप-अपचं रबर, आतली नळी आणि हवेची गळती यांच्याकडे वळली. तैवान-चीनहून येणाऱ्या बंदुका जड स्प्रिंग घेऊन येतात. जपानी दुकानदार विक्रीआधी त्या उघडतात, जड स्प्रिंग काढतात, हलकी बसवतात आणि वेग मोजूनच गिऱ्हाइकाच्या हाती देतात.