रमजानचे रोजे आणि नोकरी-धंदा : मधुमेह, रक्तदाब असेल तर काय काळजी घ्याल?

दुपारचे साडेचार वाजलेले. रिक्षा चालवणारे एक चाचा बायकोचा हात धरून दवाखान्यात आले. अंगावर घामाच्या धारा, हात थरथरत होते, बोलणे तुटक. बोटाला सुई टोचून साखर पाहिली तर 54. मी साखरेचे पाणी पुढे केले, तर त्यांनी तोंड फिरवले. "डॉक्टरसाहेब, अब दो घंटे तो रहे हैं." त्या अवस्थेत ते अर्धा तास रिक्षा चालवत होते आणि मागे दोन शाळकरी मुले बसली होती, हे त्यांच्या पत्नीने सांगितले तेव्हा माझ्याच पोटात गोळा आला. मधुमेहाची रोजची सकाळची गोळी त्यांनी सहेरीला नेहमीप्रमाणे घेतली होती. ती बदलायला हवी, हे त्यांना कोणीच सांगितले नव्हते.

त्यात माझीही चूक होती. सुरुवातीची काही वर्षे मी मधुमेहाच्या रुग्णांना सरसकट "रोजे ठेवू नका" एवढेच सांगत असे. परिणाम इतकाच झाला की रुग्णांनी मला सांगणे बंद केले आणि रोजे ठेवणे सुरूच राहिले. म्हणून आता मी आधी विचारतो, "रोजे ठेवणार का? आणि काम काय करता?" दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

दिवसभर शरीरात काय होते?

आपल्याकडे रोजा ऋतूनुसार साधारण 12 ते 15 तासांचा असतो. चांद्र वर्ष लहान असल्यामुळे रमजान दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येतो. 2018 साली तो मे महिन्यात सुरू झाला होता, 2026 साली फेब्रुवारीत. त्यामुळे एखाद्या वर्षी निभावलेला रोजा दुसऱ्या वर्षी तितकाच सोपा जाईल असे नाही.

सहेरीचे अन्न काही तास पुरते. त्यानंतर यकृतात साठवलेली साखर रक्तात येऊ लागते आणि दुपारनंतर शरीर चरबी वापरू लागते. निरोगी माणसाला यात धोका नसतो. अडचण येते ती मुख्यतः पाण्याची, झोपेची आणि चहाची. पहिल्या तीन-चार दिवसांत दुपारी जे डोके दुखते, ते पुष्कळदा चहा सुटल्यामुळे. रमजानच्या आधी आठवडाभर रोजचा एकेक कप कमी करत गेलात तर हा त्रास बराच टळतो. तंबाखू, गुटखा, सिगारेट यांची तलफही दिवसा चिडचिड करवते. मात्र 13 तास तंबाखूशिवाय राहू शकणारा माणूस ती कायमची सोडूही शकतो. तेव्हा इफ्तारनंतरची पहिली पुडी फोडण्याआधी माझ्याशी एकदा बोला.

सहेरी चुकवू नका

"रात्री उशिरा जेवलो, सहेरीला उठलोच नाही," असे सांगणारे तरुण दरवर्षी चक्कर येऊन दवाखान्यात येतात. रात्री अकराला जेवून थेट दुसऱ्या संध्याकाळी इफ्तार, म्हणजे जवळजवळ 20 तासांचा उपास. सहेरी वेळ संपण्याच्या जवळ करा. दूध-फेणी किंवा खजला गोड आणि झटपट असतो, पण तो पचतोही झटपट. त्यापेक्षा ज्वारी-बाजरीची भाकरी किंवा पोळी, डाळ, अंडी, दही असे अन्न जास्त वेळ टिकते. खारट लोणचे-पापड टाळा, दिवसभर तहान लागते. शेवटच्या पाच मिनिटांत तांब्याभर पाणी पिण्याचाही उपयोग नाही, ते लघवीवाटे निघून जाते. इफ्तारपासून सहेरीपर्यंत थोडे थोडे करून आठ-दहा ग्लास प्या. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर हा आकडा तुमच्यासाठी नाही.

कामाची वेळ

भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागावर 12 तासांची पाळी करणारा कामगार, उन्हात स्लॅब टाकणारा मजूर आणि एसीत बसून काम करणारा कर्मचारी यांना एकच सल्ला देता येत नाही. शक्य असेल तर अंगमेहनतीचे आणि डोके लावायचे काम सकाळी उरका. मालकाला किंवा साहेबांना आधीच सांगून जेवणाच्या सुट्टीऐवजी संध्याकाळी लवकर सुटण्याची सवलत मागा. बऱ्याच ठिकाणी ती मिळते, मात्र मागावी लागते. उन्हात काम असेल तर डोक्याला ओला रुमाल बांधा आणि दर तासाला थोडा वेळ सावलीत बसा. ओकारी होणे, बरळणे, घाम बंद होऊन अंग तापणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. त्या वेळी घड्याळ पाहू नका, पाणी द्या आणि दवाखाना गाठा. माणूस शुद्धीत नसेल तर मात्र तोंडात पाणी ओतू नका.

तरावीह आटोपून झोपायला अकरा वाजतात आणि चारला उठावे लागते. दुपारच्या नमाजनंतर 20-30 मिनिटांची डुलकी मिळाली तर संध्याकाळ पुष्कळ बरी जाते. इफ्तारच्या आधीचा तास मला सर्वांत धोक्याचा वाटतो. भूक, डुलकी आणि घरी पोहोचण्याची घाई एकत्र येते. दुचाकीवरून जाणाऱ्यांनी, लोकल-बसने येणाऱ्यांनी पिशवीत खजूर आणि पाण्याची बाटली ठेवावी. रोजा रस्त्यातही सोडता येतो.

घरातल्या बाईचा हिशोब वेगळाच असतो. ती साडेतीनला उठून सहेरी करते, मग नोकरी, मग इफ्तारची तयारी. थकव्याची तक्रार घेऊन येणाऱ्या अशा स्त्रियांचे हिमोग्लोबिन मी आवर्जून तपासतो. पाळीच्या दिवसांत रोजा नसतो, तरी संकोचापोटी कामावर पाणीही न पिणाऱ्या अनेक जणी आहेत. त्या दिवसांत नीट खा-प्या.

औषधे : इथे मनाने काही करू नका

रमजानच्या दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा. तीन महिन्यांची सरासरी साखर आणि क्रिएटिनिन तपासून घ्या. मेटफॉर्मिनने एकट्याने साखर सहसा फार खाली जात नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने मात्र जाते. दिवसातून एकदाच असेल तर ती बहुतेकदा इफ्तारला हलवतात, कधी डोसही कमी करतात. त्या चाचांचे तेच केले. डापाग्लिफ्लोझिन लघवीवाटे साखर आणि पाणी बाहेर टाकते, म्हणून ती रमजानच्या तोंडावर नव्याने सुरू करत नाहीत. इन्सुलिन स्वतःहून बंद करणे सर्वांत घातक. त्याचा डोस आणि वेळ डॉक्टरच ठरवतील.

रक्तदाबाची गोळी इफ्तारनंतर घेता येते. लघवी जास्त करवणारी गोळी सहेरीला घेतली तर दिवसभर पाणी कमी पडते. थायरॉइडची गोळी सहेरीला उठल्याबरोबर घ्या आणि अर्ध्या तासाने खा. दुखण्याची गोळी रिकाम्या पोटी नको.

बोटाला सुई टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात. शंका असेल तर तुमच्या मौलानांना विचारा, पण तपासणी सोडू नका. साखर 70 च्या खाली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा लगेच सोडा. कमी झाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. वाहन चालवत असाल तर आधी बाजूला थांबा.

टाइप 1 मधुमेह, नुकताच येऊन गेलेला हृदयविकाराचा झटका, डायलिसिस, वारंवार साखर कमी होण्याचा त्रास, इन्सुलिन चालू असलेली गर्भवती : यांना मी रोजा ठेवू नका असेच सांगतो. आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुराणातच सवलत आहे. रोजे नंतर भरून काढता येतात, आणि आजार कायमचा असेल तर फिदिया देता येतो. घरच्यांनी, विशेषतः मोठ्या मुलांनी, हे अब्बा-अम्मींना प्रेमाने सांगावे. लोक काय म्हणतील या भीतीने रोजा ओढणारे वृद्ध मी बरेच पाहिले आहेत.

इफ्तार एक-दोन खजूर आणि पाण्याने सोडा, नमाज पढा, मग जेवा. समोसे, भजी, सरबत एकदम पोटात गेले की आम्लपित्त ठरलेले, आणि मधुमेह्यांची साखर रात्री दहाला 300 वर. तळलेले आठवड्यातून एखाद-दोनदा ठीक.

ईदच्या दिवशी औषधांच्या जुन्या वेळा पुन्हा सुरू होतात, हे अनेक जण विसरतात. रमजान सुरू होण्याआधीच्या भेटीतच ईदच्या सकाळपासूनचे वेळापत्रक कागदावर लिहून घ्या. आणि शीरखुर्म्याची वाटी लहान घ्या.