जावा ॲप्लिकेशन सर्व्हर : प्रशासन

जावा भाषेतील वेब-प्रणाली चालवणारे आणि तिला नेटवर्क, मेमरी, डेटाबेसची जोडणी पुरवणारे सॉफ्टवेअर म्हणजे जावा ॲप्लिकेशन सर्व्हर. तो बसवणे, त्याच्या मर्यादा ठरवणे, लॉगवर नजर ठेवणे आणि कोसळल्यास पुन्हा उभा करणे, हे त्याचे प्रशासन. वेबलॉजिक, वेबस्फिअर व वाइल्डफ्लाय हे पूर्ण ॲप्लिकेशन सर्व्हर. अपाची टॉमकॅट काटेकोरपणे फक्त सर्व्हलेट कंटेनर आहे. बोलण्यात मात्र त्यालाही सर्व्हरच म्हणतात, आणि ते चालून जाते.

ऑस्लो विद्यापीठात विकसित होणारी ‘डीएचआयएस-२’ ही आरोग्यमाहिती प्रणाली टॉमकॅटवर चालणाऱ्या जावा प्रणालीचे आपल्याकडचे जवळचे उदाहरण. ती २००६ मध्ये प्रथम केरळात वापरात आली. पुढे महाराष्ट्रासह इतर राज्यांच्या आरोग्य यंत्रणांनीही ती वापरली. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा अशा उतरंडीने मासिक आकडे वर चढतात. १९९२-९३ मधील जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनंतर जव्हार व मोखाडा या आदिवासी तालुक्यांच्या आकड्यांवर राज्याचे लक्ष राहिले आहे.

प्रणाली वॉर फाइलच्या, म्हणजे एकत्र बांधलेल्या गठ्ठ्याच्या, रूपात येते व टॉमकॅटच्या ‘वेबॲप्स’ फोल्डरमध्ये ठेवली की उलगडते. डेटाबेसचा पत्ता व पासवर्ड वेगळ्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये असतात. ती फाइल फक्त सर्व्हर चालवणाऱ्या खात्यालाच वाचता यावी, आणि ते खाते ‘रूट’ नसावे. टॉमकॅट मुळात ८०८० पोर्टवर ऐकतो. समोर एनजिनएक्स किंवा अपाची हा वेब सर्व्हर ठेवून एचटीटीपीएस तेथेच हाताळण्याची पद्धत आहे. आवृत्त्यांची जोडी जुळवूनच पाहावी लागते : टॉमकॅट १० पासून पॅकेजांच्या नावात ‘जावाएक्स’ऐवजी ‘जकार्ता’ आल्याने ९ वर चालणारी वॉर फाइल १० वर जशीच्या तशी चालत नाही. नवी आवृत्ती सुरू होताना डेटाबेसची रचनाही बदलते, म्हणून मागे फिरण्याचा मार्ग एकच : आधी घेतलेला बॅकअप.

खरी परीक्षा गर्दीच्या वेळी. घाटातल्या गावांत रेंज गेली की डीएचआयएस-२ मध्ये भरलेले आकडे ब्राउझरमध्येच थांबतात आणि रेंज आल्यावर चढतात. महिनाअखेरीस अनेक केंद्रांची रेंज एकदम परतली की सर्व्हरवर लोंढा येतो. टॉमकॅटमध्ये एका वेळी काम करणाऱ्या थ्रेडची, म्हणजे विनंत्या हाताळणाऱ्या धाग्यांची, मूळ मर्यादा २०० आहे. डीएचआयएस-२ च्या डेटाबेस जोडण्यांची मूळ मर्यादा ८०. दोनशे थ्रेडना एकदम डेटाबेस लागला तर ८० जणांना जोडणी मिळते, १२० ताटकळतात. अशा वेळी थ्रेड ४०० केले तर फक्त ताटकळणारे वाढतात. थ्रेड डंप (त्या क्षणी प्रत्येक थ्रेड काय करतो याची नोंद) घेऊन बहुतेक थ्रेड जोडणीसाठी खोळंबलेले दिसले, तर दुखणे डेटाबेसच्या संथ क्वेरीत शोधावे.

मेमरीचेही तसेच. हीपची, म्हणजे जावा प्रणाली वापरते त्या मेमरीची, कमाल मर्यादा ‘एक्सएमएक्स’ या पर्यायाने ठरते. ती यंत्राच्या रॅमइतकी ताणली तर ऑपरेटिंग सिस्टिमला जागा उरत नाही आणि सगळेच रखडते. मेमरी संपल्याची नोंद लॉगमध्ये दिसताच रीस्टार्ट मारण्याची सवय सर्वत्र आहे. त्याने पुरावाही पुसला जातो. आधी हीप डंप (मेमरीची प्रत), मग रीस्टार्ट.

मराठी मजकुराचे दोन खास त्रास आहेत. टॉमकॅट ७ पर्यंत यूआरएलचे मूळ एन्कोडिंग यूटीएफ-८ नव्हते. शोधात ‘मोखाडा’ टाकले की सर्व्हरपर्यंत भलतीच अक्षरे पोहोचत. आठव्या आवृत्तीपासून हे मुळातच सुधारले. दुसरा त्रास अजून भेटतो : सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसेल तर पीडीएफ अहवालात नावांच्या जागी चौकोन छापले जातात. शिवाय घड्याळ यूटीसीवर राहिले तर लॉगमधील वेळ साडेपाच तास मागे दिसते, आणि तक्रारीची नोंद शोधताना माणूस चकतो.

काय सर्व्हरचे आणि काय डेटाचे, हे ओळखणे प्रशासकाला रोज लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला आणि जव्हार-मोखाडा ठाण्यातून निघाले. डीएचआयएस-२ मध्ये असा बदल संस्थांच्या उतरंडीत तालुका एका जिल्ह्याखालून दुसऱ्याखाली नेऊन करता येतो. वॉर फाइलला हात लावावा लागत नाही, सर्व्हर बंदही करावा लागत नाही. विश्लेषणाची कोष्टके पुन्हा बांधली गेली, की मागील वर्षांचे आकडेही नव्या जिल्ह्यात मोजले जातात. मग ठाण्याचा जुना छापील अहवाल पडद्याशी जुळत नाही, आणि ‘सर्व्हर बिघडला’ म्हणून फोन येतो. तो बिघाड नव्हे. जुन्या हद्दीप्रमाणे आकडे हवे असतील तर बदलाआधीची प्रत राखून ठेवावी लागते.